काकांच्या डोक्यातला अमोनिया

माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, पाट्या रंगवतात. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या, 'येथे गाडी लावू नये'च्या. छापील फलक आले आणि बाकीचे पेंटर एकेक करून घरी बसले, पण काका टिकले ते अक्षरामुळे. त्यांनी नुसत्या हाताने ओढलेली उभी रेघ आणि शेजारी सोडलेला ओळंबा यांच्यात केसाचंही अंतर नसायचं. एका गवंड्याने ते एकदा तपासून पाहिलं, आणि तेव्हापासून बाजारात काकांना सगळे 'ओळंबा' म्हणू लागले.

बोलायला मात्र काका महाकंजूष. गिऱ्हाईक सांगेल ते लिहायचं, हा त्यांचा धर्म. "आपण फक्त हात. डोकं त्यांचं," असं म्हणायचे. कुणी 'शहरातील एकमेव' लिहायला सांगितलं, तर समोरच्या फुटपाथवर तसलंच दुसरं दुकान दिसत असतानाही ते 'एकमेव' लिहीत, आणि 'मे'वरची मात्रा जराही हलत नसे. त्यांच्या वाटचं बोलणं मावशी बोलायची. शिडी धरायची ती, रंग कालवायची ती, डब्यांवर रंगांची नावं चिकटवायची ती, आणि हे सगळं करताना गिऱ्हाइकाच्या घरची चौकशीही करायची.

पाच वर्षांपूर्वी साखर तपासायला गेलेले असताना काकांच्या यकृताचं दुखणं सापडलं. लिव्हर कडक आणि गाठाळ झालं आहे, याला सिरोसिस म्हणतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता सिरोसिस म्हटलं की लोक माणसाच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघतात, ग्लास शोधत. काकांनी जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. दारूच्या दुकानांच्या पाट्या तेवढ्या बारा रंगवल्या होत्या. "चरबीमुळे होतं हो, आणि साखरेमुळे. दारूच लागते असं नाही," हे मावशी इतक्या जणांना समजावून सांगायची, की बसस्टॉपवरच्या अनोळखी माणसांनाही आमच्या काकांचं लिव्हर पाठ झालं होतं. काका मात्र गोळ्या घेत होते, गोड कमी केल्याचं सांगत होते, आणि शिडीवर चढत होते.

मग त्यांची झोप उलटीपालटी झाली. दुपारी जेवताना हातात घास तसाच आणि मान छातीवर, आणि जग झोपलं की हे टक्क जागे. मावशी म्हणाली, वय झालं. मीही मान डोलावली. मी त्यांच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या वाचनालयात काम करते आणि दुपारचा डबा मावशीकडे खाते, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं. आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही, हे आधीच कबूल करून टाकते.

पहिला फोन बेकरीवाल्याचा आला. "वहिनी, जरा येऊन पाटी बघा."

आम्ही दोघी गेलो. पाटीवर सुरेख लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'आमचे पाव रोज ताजे.' आणि त्याखाली तितक्याच सुरेख अक्षरांत, 'सोमवार सोडून.' काका शिडीच्या खालच्या पायरीवर बसून ब्रश पुसत होते.

"अहो, हे काय?" मावशीने विचारलं.

"खरं आहे ते," काका म्हणाले. "रविवारी भट्टी बंद असते. मग सोमवारी ताजे कुठून येतील?"

बेकरीवाला कावराबावरा झाला. "ते खरं आहे हो, पण ते पाटीवर कोण लिहितं?"

"मी," काका म्हणाले. आपल्याला प्रश्न नीट समजला याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

आठवड्याने दातांच्या डॉक्टरांचा निरोप आला. 'दात न दुखवता काढले जातील' या ओळीत काकांनी मधेच 'बहुतेक' घातला होता. त्यांची स्वतःची दाढ तिथेच काढलेली, तेव्हा हा अनुभवाचा शब्द होता. आणि शिकवणीच्या बाईंनी 'यशाची खात्री' लिहायला सांगितलं, तर ब्रश खाली ठेवून हे म्हणाले, "बाई, तुमचा थोरला दोनदा नापास झालाय." बाई तोंडात पदर घालून आत निघून गेल्या.

बाजारात हसून हसून लोकांची पोटं दुखली. ओळंब्याला म्हातारपणी कंठ फुटला, असं म्हणत लोक मुद्दाम त्यांच्याजवळ जाऊन आपल्या शेजाऱ्यांबद्दल विचारायचे. मीही हसले. वाचनालयातल्या दोघांना तर मी हे किस्से अभिनयासकट करून दाखवले.

हसत नव्हती ती एकटी मावशी. एका दुपारी बेकरीसमोरून जाताना तिने मला थांबवलं. "ती ओळ बघ," ती म्हणाली. "काय लिहिलंय ते सोड. ओळ बघ."

मी पाहिलं. 'आमचे'पासून 'ताजे'पर्यंत ओळ चांगली बोटभर खाली उतरली होती.

"एकतीस वर्षांत असं कधी झालं नाही," मावशी म्हणाली आणि पुढे चालू लागली.

याच्या दुसऱ्याच दिवशी चष्मेवाल्याच्या दुकानात तो प्रकार घडला. नवी पाटी लावून झाली होती. गडद हिरव्यावर पिवळसर पांढरी अक्षरं. चष्मेवाला खूश होऊन म्हणाला, "पेंटर, अक्षर तर आहेच, पण तुमच्या रंगांना तोड नाही."

"रंग माझे नाहीत," काका म्हणाले. "हिचे. पहिल्या दिवसापासून हिचेच. मला हिरवा आणि तपकिरी एकच दिसतात. लालही त्यांच्यातच मोडतो. डब्यावर नाव असतं म्हणून चालतं."

चष्मेवाला हसला. मावशी हसली नाही. तिच्या हातात शिडीचा दोर होता, तो तिने हळूच खाली ठेवला. लग्न झाल्या झाल्या काकांनी तिला सांगितलं होतं, "डब्यांवर नावं लिहून चिकटवत जा, म्हणजे गडबडीत चूक होत नाही." तिला ती नवऱ्याची शिस्त वाटली होती. माहेरी येऊन तिने त्या शिस्तीचं कौतुकही केलं होतं.

घरी येताना ती एक शब्द बोलली नाही. मावशी गप्प आणि काका बडबडतायत, हे दृश्य बघायला गल्लीतले दोघेजण दारात येऊन उभे राहिले.

काकांची चुळबुळ संध्याकाळभर चालूच होती. उठायचे, बसायचे, ब्रश शोधायचे, हातातच सापडला की वैतागायचे. माझे मामा, म्हणजे मावशीचे धाकटे भाऊ, भेटायला आले होते. आमच्या मामांकडे कुठल्याही दुखण्यावर स्वतःची एक गोळी असते. "झोप नाही म्हणून हे होतंय," त्यांनी निदान केलं आणि खिशातून आपली झोपेची गोळी काढली. "एकदम सौम्य आहे. मी रोज घेतो, मला काही होतं का?" मामांना काय होतं यावर घरात दोन मतं आहेत, पण त्या दिवशी कुणी ती काढली नाहीत. काकांनी गोळी घेतली.

सकाळी काका उठले नाहीत. थकलेत, झोपू दे, असं मावशी दहापर्यंत म्हणत राहिली. बारा वाजता मी डबा खायला आले, तेव्हा ती त्यांच्या तोंडावर पाणी मारत होती. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले, मावशीकडे पाहिलं, आणि अगदी अदबीने विचारलं, "आपली पाटी कुठे लावायची आहे?"

मावशी माझ्याकडे वळून म्हणाली, "रिक्षा आण." तिचा आवाज अगदी नेहमीचा होता. मी धावले, ते त्या नेहमीच्या आवाजामुळेच.

इस्पितळात यकृताच्या डॉक्टरीणबाई होत्या. वयाने माझ्याहून लहान, केस पेन खुपसून वर बांधलेले. त्यांनी काकांना आज वार कोणता ते विचारलं. काकांनी एक वर्ष सांगितलं, तेही जुनं. मग त्यांनी काकांना दोन्ही हात समोर ताठ धरून पंजे मागे वळवायला सांगितलं. काकांनी धरले. पण पंजे तसे राहिनात. क्षणभर स्थिर, मग एकदम खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. बारा फुटांची रेघ एका दमात ओढणारे ते हात पाखराच्या पंखांसारखे फडफडत होते. मावशीने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"पोट कधी साफ झालं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तो विषय आमच्याकडे बोलत नाहीत," मावशी म्हणाली.

"आता बोलावा लागेल."

बोलल्यावर कळलं, की चार दिवस झाले होते. शिडीवरून उतरायला नको म्हणून काका दिवसभर पाणीच पीत नसत.

औषध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी काका जागे होऊन नर्सला आजचा वार बरोबर सांगण्याइतके बरे झाले, तेव्हा डॉक्टरीणबाई आम्हा दोघींना घेऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या.

"आपण खातो त्यातून पोटात अमोनिया तयार होतो," त्या म्हणाल्या.

"फरशीच्या बाटलीत असतो तो?" मावशीने विचारलं.

"तोच. सगळ्यांच्याच पोटात होतो. लिव्हर त्याचं दुसरं निरुपद्रवी काहीतरी करून लघवीतून बाहेर काढतं. यांचं लिव्हर कडक झालंय, त्यामुळे रक्त त्याला वळसा घालून जातं, आणि अमोनिया तसाच डोक्यात पोचतो. पोट साफ नसलं की आणखी वाढतो."

"डोक्यात जाऊन काय करतो?"

डॉक्टरीणबाईंनी केसातलं पेन काढलं, पुन्हा खोचलं. "मेंदूतल्या पेशी एकमेकींना दोनच गोष्टी सांगत असतात. 'कर' आणि 'थांब'. माणूस शहाणा दिसतो तो बराचसा 'थांब'मुळे. मनात येतं ते सगळं तोंडातून येत नाही, हात धरला तर धरलेला राहतो, रात्री झोप येते. हा 'थांब' पोचवणारं एक रसायन असतं, गाबा नावाचं. आणि ही सगळी व्यवस्था नीट चालावी म्हणून आजूबाजूला ताऱ्यांच्या आकाराच्या पेशी असतात, झाडलोट करणाऱ्या. अमोनिया आला की आवरायचं काम त्यांच्यावर येतं. त्या फुगतात, आणि त्यांची रोजची कामं राहून जातात. क्षार इकडचे तिकडे होतात. मग 'थांब'चा निरोप बिघडतो. कुठे तो पोचतच नाही, तर कुठे नको तितका मोठ्याने पोचतो."

"म्हणजे पाटीवर 'सोमवार सोडून' लिहिलं, तेव्हा पोचला नव्हता," मी म्हणाले.

"असं असू शकतं. आणि दिवसा झोपत होते, तेव्हा फार पोचत होता. नेमकं कुठे आधी काय बिघडतं, यावर आमच्यातही अजून भांडणं चालू आहेत. पण झोपेच्या गोळीबद्दल भांडण नाही. ती गोळी तोच 'थांब' आणखी मोठा करते. यांना ती विषासारखी. कुणी दिली?"

मावशीने भावाचं नाव सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "त्याला मी बघते." मामा नंतर तीन आठवडे त्या गल्लीत फिरकले नाहीत.

मग मावशीने तिचा खरा प्रश्न विचारला. "डॉक्टर, असं असताना माणूस जे बोलतो, ते खरं असतं की अमोनिया बोलतो?"

डॉक्टरीणबाई बाकावरून उठल्या. "ते मला रक्तातून कळत नाही. त्यांनाच विचारा."

चौथ्या दिवशी काका अगदी ताळ्यावर आले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना कागदावर एक चांदणी काढायला सांगितली. आदल्या दिवशी काढलेली चांदणी बटाट्यासारखी झाली होती. आजची पाच टोकांची, नीट मिटलेली. ती काढून झाल्यावर काकांनी कालचा कागद मागितला आणि घडी घालून उशीखाली लपवला.

मावशी खुर्ची ओढून जवळ बसली. "ते रंगाचं काय होतं?"

"कुठल्या रंगाचं?"

"चष्मेवाल्याकडे बोललात ते."

काकांनी छताकडे पाहिलं. "मला काही आठवत नाही. डॉक्टर म्हणाल्या ना, अमोनिया गेला होता."

बेकरी, दात, शिकवणी, सगळं काकांनी अमोनियाच्या नावावर लोटून दिलं. कुणाच्याही इतक्या उपयोगी हा वायू कधी पडला नसेल.

पण घरी सोडलं त्या दिवशी मावशीने रिक्षा घराऐवजी चष्मेवाल्याच्या दारात थांबवली. "तुमच्याकडे ते ठिपक्यांचं पुस्तक असतं ना? यांना दाखवा."

चष्मेवाल्याने पुस्तक उघडलं. रंगीत ठिपक्यांनी भरलेलं एक वर्तुळ, आणि त्यात दडलेला आकडा.

"बारा," काका चटकन म्हणाले आणि आमच्याकडे विजयी नजरेने पाहिलं.

"पहिलं पान सगळ्यांनाच दिसतं," चष्मेवाला म्हणाला. त्याने पान उलटलं. "हे?"

मला पाच कोसांवरूनही त्यात चौऱ्याहत्तर दिसत होते. काकांनी पुस्तक जवळ धरलं, लांब धरलं, उजेडाकडे वळवलं.

"ठिपके छान काढलेत," ते म्हणाले.

चष्मेवाला एकाएकी मागच्या खोलीत काहीतरी आणायला गेला. शहाणा माणूस.

"एकतीस वर्षं," मावशी म्हणाली. "एकतीस वर्षं मला सांगितलं नाहीत?"

"तुझ्या वडिलांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, पेंटरचं काम चांगलं चालतं का म्हणून. मग कसं सांगू, की पेंटरला रंग दिसत नाहीत? आणि एकदा नाही सांगितलं, की मग दर वर्षी आणखी अवघड होत गेलं."

"आणि मी नवे कपडे घालून विचारायचे, रंग कसा वाटतो, तेव्हा?"

"छान वाटतो म्हणायचो."

"न दिसताच!"

"तू दिसायचीस ना," काका म्हणाले, आणि हे अमोनिया उतरल्यानंतर म्हणाले, याला मी साक्षीदार आहे.

मावशी विरघळली असं कुणाला वाटेल, तर ती आमची मावशी नव्हे. तिने महिनाभर त्या माणसाला छळलं. ताटात भाजी वाढताना विचारायची, "ही हिरवी आहे, कळतंय ना?" मोजे मुद्दाम वेगवेगळ्या रंगांचे काढून द्यायची आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ द्यायची. मी वाचनालयाच्या दारात उभी राहून बघायची. एक पाय लाल, एक पाय हिरवा, आणि चाल एखाद्या हेडमास्तरांसारखी.

औषध म्हणून एक गोडमिट्ट पातळ सिरप होतं आणि एक गोळी. सिरपचं काम एकच. दिवसातून दोन-तीनदा पोट साफ झालंच पाहिजे, म्हणजे अमोनिया वर चढत नाही. ज्या घरात तो विषय बोलत नसत, त्या घरात आता मावशी स्वयंपाकघरातून ओरडून विचारायची, "अहो, किती झाल्या?" आणि काका बाहेरून बोटं दाखवायचे. काम बघायला गेले की भिंतीची लांबी नंतर, आधी संडास कुठे आहे ते पाहायचे. एका कापडवाल्याचं मोठं काम त्यांनी तेवढ्यासाठी सोडलं, आणि तो अजून समजतो की ओळंब्याला त्याचं कापड आवडलं नाही.

एकदाच त्यांनी फसवलं. एका शाळेची लांबलचक भिंत होती, आणि तिथला संडास मैदानाच्या पलीकडे. काकांनी दोन दिवस सिरप गुपचूप बेसिनमध्ये ओतलं. पण डॉक्टरीणबाईंनी रोज सकाळी वहीत एक ओळ लिहायला लावली होती, काहीही, फक्त हाताने. तिसऱ्या दिवशी मावशीने वही उघडली. ओळ शेवटाकडे खाली कलली होती आणि 'शाळा'चा एक काना गायब होता. तिने तिथल्या तिथे त्यांचे हात समोर धरायला लावले, आणि दुपारच्या आत इस्पितळात नेलं. या वेळी एका दिवसात घरी आले. शाळेच्या भिंतीवर तोवर निम्मा सुविचार लिहून झाला होता, 'नेहमी खरे' एवढाच. तो आठवडाभर तसाच राहिला.

आता याला तीन वर्षं होतील. लिव्हर काही नवं झालेलं नाही. ते होणारही नाही, आणि पुढे कधीतरी बदलण्याचा विषय निघेल, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय. पण काकांची चांदणी अजून पाच टोकांची निघते आहे. मागच्या महिन्यात दाखवून परत येताना काका भर दुपारी बसमध्ये पेंगले. मावशीने दचकून त्यांना गदागदा हलवलं आणि "हात धरा!" म्हणून ओरडली. काकांनी झोपेतच दोन्ही हात पुढे केले, आणि त्यांच्याबरोबर पुढच्या सीटवरच्या दोन बायकांनीही केले. कुणाचेच फडफडले नाहीत. काकांनी भरपेट जेवण केलं होतं, एवढंच.

शिडीवर आता काका चढत नाहीत. पाटी घरीच जमिनीवर ठेवून रंगवतात. गिऱ्हाइकाशी रंगाचं बोलणं मावशी करते, उघडपणे, तेही त्यांच्यासमोर. परवा एका औषधवाल्याने काकांनाच विचारलं, "पेंटर, निळा बरा की हिरवा?"

"हिला विचारा," काका म्हणाले. "मला त्यातलं कळत नाही." आणि पुन्हा अक्षरात डोकं घातलं.

मावशीने निळा सांगितला. मग औषधवाल्याच्या सूनबाईंची तब्येत कशी आहे ते विचारलं, आणि त्यात तासभर गेला.